रेडिओजवळचा नाताळ

रविवार, १ डिसेंबर २०२४

आगमनकाळ सुरू झाला. सकाळच्या मिस्सात वेदीशेजारच्या हिरव्या चक्रातली पहिली जांभळी मेणबत्ती पेटली. आता दर रविवारी एकेक वाढत जाईल. तिसऱ्या रविवारची तेवढी गुलाबी.

सासूबाईंना देवळात नेणं आता जमत नाही. गुडघे आधीच थकले होते, मग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. मी घरी आले तेव्हा आई नेहमीच्या खुर्चीत, खिडकीपाशी. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा फिलिप्सचा ट्रान्झिस्टर, काटा पाचशे अठ्ठावन्नवर, म्हणजे मुंबई आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर. सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की त्यांचा दिवस सुरू होतो. ओळखीचं भावगीत लागलं की ओठ हलतात. शेतीचा कार्यक्रम लागला की मध्येच बोलतात, "एवढं पाणी घातलं तर मुळं कुजतील की रे बाबा." वसईच्या या वाडीत त्यांनी उभा जन्म पानवेली सांभाळल्या, त्यांना बोलायचा अधिकार आहे. बोलतात अर्थात सामवेदीत. मी इथे शाळेच्या मराठीत लिहिते. शिक्षिकेची नोकरी संपली तरी हाताचं वळण तेच राहिलं.

"फादर काय बोलले?" हा रविवारचा पहिला प्रश्न. 'छान बोलले' एवढ्यावर आई सोडत नाहीत. आजचं शुभवर्तमान लूकचं, जागं राहण्याविषयीचं. मी भाकऱ्या थापता थापता प्रवचन सांगत गेले. मध्येच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी फादर लॅटिनमध्ये म्हणायचे, आम्हाला काय कळायचं? आम्ही बायका आपली रोझरी ओढत बसायचो." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, मिस्सा मराठीत आला. आईंच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. पहिल्यांदा सगळं कळलं तेव्हा त्यांना देवळातच रडू आलं होतं. त्यांना एकही शब्द हुकलेला का चालत नाही, हे मला या गोष्टीवरून कळतं. मग तो शब्द देवळातला असो की रेडिओवरचा.

मंगळवार, ३ डिसेंबर

संत फ्रान्सिस झेवियरचा सण. नणंद आळीतल्या बायकांबरोबर बसने जुन्या गोव्याला गेली आहे. दर दहा वर्षांनी संताचे अवशेष बॉम जेझूतून से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी आणतात. यंदाचा सोहळा २१ नोव्हेंबरला सुरू झाला, ५ जानेवारीपर्यंत चालेल. तिने रांगेतूनच फोन केला. मागे घंटा, माणसांचा कोलाहल, कोकणीतून सूचना. आईंनी फोन कानाला धरून ठेवला आणि तिलाच दटावलं, "जरा गप्प राहा गं, ऐकू दे."

शनिवार, ७ डिसेंबर

ह्यांनी वाडीतला बांबू चिरून कामट्या काढल्या. तारा दरवर्षी घरीच होतो. दोन पंचकोनी चांदण्या एकमेकींवर बांधायच्या, मध्ये आडव्या कामट्या सारून पोट फुगवायचं, मग खळीने पतंगाचा कागद चिकटवायचा. आईंच्या मांडीवर सांगाडा ठेवला तर बोटं फिरवून त्यांनी एक टोक आखूड आहे हे सांगितलं. ह्यांनी मोजलं. होतं आखूड.

संध्याकाळी लेक आणि नातू आले. जोएलने या वर्षी एलईडीच्या माळा मागवल्या आहेत, रंग बदलणाऱ्या. त्याने त्या खिडकीला चौफेर लावल्या, बटण दाबलं आणि रेडिओवरचं गाणं घरघराटात बुडालं. आई दचकल्या. "काय झालं? स्टेशन बंद पडलं?" माळ बंद केली की गाणं परत. चालू केली की पुन्हा घर्र.

ह्यांनी जोएलला जवळ बसवून समजावलं. दोष दिव्यांचा नाही, त्यांच्या छोट्या काळ्या डबीचा. त्या डबीत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. डबी स्वस्तातली असली की त्यातून लहरी बाहेर सांडतात आणि नेमक्या मध्यमलहरींवर येऊन पडतात. एफएमला तितका त्रास होत नाही. मग ह्यांनी ट्रान्झिस्टर हातात घेऊन सावकाश फिरवला. एका कोनात घरघर एकदम उतरली, गाण्याचे शब्द वर आले. सेटच्या आत फेराइटची आडवी कांडी असते, तीच मध्यमलहरींची एरियल. तिच्या टोकाच्या दिशेने येणारं तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. टोक डबीकडे केलं की काम झालं.

जोएलला याचं इतकं नवल वाटलं की अर्धा तास तो सेट फिरवत बसला होता. पण आई सेट जवळ ओढतात, दूर सारतात, कोन कसा राहणार? शेवटी पोरानेच तोड काढली. माळा पुढच्या अंगणातल्या आंब्यावर आणि खिडकीतल्या ताऱ्यात झिरोचा जुना बल्ब. तारेच्या त्या बल्बाला डबी लागत नाही, आवाजही नाही. "पणजी, आता ऐक," म्हणाला. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच म्हणाल्या, "हलू नको, बातम्या लागल्यात."

घरात सण कोणासाठी सजवायचा, हा प्रश्न मला गेली दोन वर्षं पडत होता. झगमगाट आईंना दिसत नाही, आणि नुसतं 'आई, किती छान दिसतंय बघा' म्हणत राहणं मला जड जातं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

गोठ्यासाठी नाचणी पेरली. ॲल्युमिनियमच्या ताटल्यांत माती, वर दाणे, वर ओलं फडकं. नाताळपर्यंत बोटभर हिरवळ येते, तीच बेथलेहेमची कुरणं. दाणे आईंनी विखुरले. डोळे असताना त्या इतके सारखे टाकत नव्हत्या.

दुपारी फादर दिब्रिटोंचं 'नाही मी एकला' वाचून दाखवलं. जुलैत ते गेले, त्यांच्याविना हा पहिला नाताळ. नंदाखालचा मुलगा 'सुवार्ता'चा संपादक होतो, वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरतो, २०२० साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसतो, हे आमच्या माणसांना अजून स्वतःच्या घरातली गोष्ट वाटते. संमेलनाच्या दिवसांत आईंनी रेडिओच्या प्रत्येक बातमीपत्राला कान लावला होता. निवड झाल्यावर त्यांच्या धर्मावरून जो वाद उठला त्याने त्या दुखावल्या होत्या. "मराठी काय त्यांची एकट्यांची आहे?" असं म्हणाल्या होत्या. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ सालचं. आमच्या माणसांनी मराठी उसनी आणलेली नाही, चार शतकं तिच्यात प्रार्थना केली आहे. मला हे शाळेतही सांगावं लागे आणि मी ते तेव्हाही न रागावता, पण ठासून सांगत असे.

सोमवार, १६ डिसेंबर

सकाळच्या बातम्यांत झाकीर हुसेन गेल्याचं ऐकलं. काल रात्री फोनवर उलटसुलट येत होतं, तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "रेडिओने सांगू दे, मग खरं." आज रेडिओने सांगितलं. माहीमच्या सेंट मायकल शाळेत शिकलेला मुलगा. वडील अल्लारखाँ मुंबई आकाशवाणीवर वाजवत. दुपारी तबला लागला तेव्हा मी डाळ निवडत होते. हात थांबले. आई मान खाली घालून ऐकत होत्या, खुर्चीच्या हातावर बोटं चालत होती, आणि समेवर बरोबर पडत होती.

गुरुवार, १९ डिसेंबर

कॅनडाहून धाकट्याचा फोन. आजीसाठी बोलून चालणारा स्पीकर पाठवू का, विचारत होता. प्रेमाने विचारत होता, मला ते कळतं. गेल्या सुट्टीत त्याने आपला स्वतःचा इथे लावून पाहिला होता. आई त्याच्याशी सामवेदीत बोलल्या, त्याला त्यातलं अक्षर उमजलं नाही. मग आम्ही हिंदीतून सांगायला शिकवलं, ते आईंच्या जिभेवर बसेना. ट्रान्झिस्टरची खुंटी मात्र त्यांच्या बोटांना पाठ आहे. डावीकडची उघडझाप आणि आवाज, उजवीकडची स्टेशन. अंधारात, झोपेत, तापात सापडते. काच गुळगुळीत असलेल्या फोनवर आंधळ्या माणसाने बोट ठेवायचं कुठे?

त्याला म्हटलं, स्पीकर नको, तू ये.

शनिवार, २१ डिसेंबर

आज घरभर तेलाचा आणि नारळाच्या रसाचा वास. फराळाचा दिवस. वझेवहिनी सकाळी दहालाच आल्या, पदर खोचूनच. त्या सामवेदी ब्राह्मण, आम्ही सामवेदी ख्रिस्ती. बोली एक, वाड्या एकमेकींना लागून, एकेकाळी पाण्याचं बावखलही सामायिक. दिवाळीत मी त्यांच्याकडे करंज्यांना मुरड घालते, नाताळात त्या माझ्याकडे येतात. अंड्याचं पीठ मी वेगळं मळते आणि त्यांच्या घरी जाणारा डबा बिनअंड्याचा. हे इतकी वर्षं न बोलता चाललं आहे.

आधी कुलकुलं. मैदा, थोडा रवा, साखर, नारळाचा घट्ट रस, चिमूट मीठ. पीठ मऊ हवं, पण बोटाला चिकटता कामा नये. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि खालून वर वळत आणायची, म्हणजे अंगावर रेघा उठतात आणि शंखासारखा आकार होतो. आईंना काटा लागत नाही. त्यांच्याकडे एक कोरी फणी आहे, फक्त याच कामासाठी कपाटात जपलेली. फणीवर गोळी, अंगठा एकदा पुढे, एकदा मागे, कुलकुल ताटात. त्यांच्याकडे बघत आम्ही तिघीही तशी करू पाहतो, पण त्यांच्या वेगाला पोचत नाही. त्या बघत नाहीत, रेडिओकडे कान देऊन असतात, आणि त्यांचा अंगठा बरोबर तेवढाच दाब देतो.

घरकामात दूरदर्शनने आणि मग फोनने काय नेलं ते अशा वेळी दिसतं. समोर पडदा असला की हात थांबतात. कुलकुलं करपतात किंवा मालिका हुकते. रेडिओ डोळे मागत नाही. बातम्या, नाट्यगीत, हवामान, मग 'आपली आवड', आणि आमचं बोलणं त्यांच्या मधूनमधून. वझेवहिनींना 'पुन्हा प्रपंच'ची आठवण निघाली. प्रभाकरपंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी. नीलम प्रभूंचा आवाज आईंनी हुबेहूब काढून दाखवला. लेक म्हणाली, "मी तर ऐकलंच नाही हे." वहिनी म्हणाल्या, "तू पोटात होतीस तेव्हा ऐकलंस." सगळ्या हसलो.

दुपारनंतर गुलाबफुलं. त्यांचा लोखंडी साचा आधी तेलातच तापवायचा. थंड साच्याला पीठ धरत नाही. तापला की पातळ पिठात बुडवायचा, पण काठाच्या खाली. काठ बुडाला तर पीठ वरून मिठी मारतं आणि फूल सुटत नाही. तेलात धरल्यावर क्षणभर थांबून हलकासा झटका. जोएलची पहिली काही फुलं मोडली, मग एक अखंड सुटलं आणि तेलात तरंगलं. ते त्याने पणजीच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी पाकळ्या मोजल्या आणि मग खाल्लं.

दोदोल उद्या. तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचा रस, आणि ढवळणारा माणूस. तो माणूस म्हणजे हे.

मंगळवार, २४ डिसेंबर

आज महंमद रफींची जन्मशताब्दी. ह्यांनी सकाळी आईंकडे रीतसर परवानगी मागितली, "आजच्या दिवस विविध भारती लावू?" आईंनी स्वतःच काटा फिरवला. गोठा मांडताना, तारा टांगताना, मटणाला मसाला चोळताना रफी. हा मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दाबून भरलेला, त्याची बाटली नाताळात उघडायची म्हणजे सगळ्या घराला ठसका. रफींची मराठी गाणीही ह्यांना तोंडपाठ आहेत, श्रीकांत ठाकऱ्यांनी बांधलेली. अमृतसरजवळच्या खेड्यातल्या माणसाने मराठी शब्द इतके जपून उच्चारावेत! ह्यांचा आवाज बरा नाही, पण आज मी एकदाही थांबवलं नाही.

नाचणी छान आली आहे. गोठ्यात मेंढ्या, गाय, गाढव, मेंढपाळ. बाळ येशूची गव्हाण रिकामी. तो मध्यरात्रीनंतर.

रात्री सगळे मिस्साला, मी आईंजवळ. लेक म्हणाली ती थांबते, पण मला थांबायचं होतं. साडेआठचं आमचं एक ठरलेलं काम आहे आणि ते सासऱ्यांपासून चालत आलं आहे.

सासरे, म्हणजे दादा, गिरगावातल्या छापखान्यात कंपोझिटर होते. मराठी-इंग्रजी दोन्ही खिळे जुळवायचे, त्यातून इंग्रजी वाचायला लागले. घरात मर्फीचा मोठा सेट होता. बटण दाबल्यावर आतल्या नळ्या तापेपर्यंत थांबायचं, मग हिरवा डोळा उजळायचा. पोस्टात परवान्याची फी भरल्याचं त्याचं पुस्तक अजून ट्रंकेत आहे. २४ डिसेंबरच्या रात्री दादा शॉर्टवेव्हवर बीबीसी लावत. इंग्लंडात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून नऊ वाचनं आणि कॅरल यांची उपासना. आवाज यायचा, विरायचा, पुन्हा यायचा. दादा कान लावून, काट्यावर बोट ठेवून.

या उपासनेचा इतिहास दादांना मुखोद्गत होता आणि आईंना तो त्यांच्याकडून. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम दीड महिना झाला होता, १९१८चा नाताळ. डीन एरिक मिल्नर-व्हाइट युद्धावरून परतलेला सैन्यातला पाद्री. माणसं गमावलेल्या घरांना नेहमीची प्रार्थना पुरी पडणार नाही असं त्याला वाटलं. १८८० साली बिशप बेन्सन यांनी ट्रुरोला केलेली मांडणी त्याने हाताशी घेतली आणि तिला नवं रूप दिलं. १९२८ला ती पहिल्यांदा रेडिओवर आली आणि १९३० वगळता दर वर्षी येत राहिली. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या रंगीत काचा उतरवून ठेवल्या होत्या. बॉम्बच्या भीतीने निवेदनात कॉलेजचं नावसुद्धा घेत नसत, पण गाणं थांबलं नाही.

आता मी ती फोनवरून लावते आणि फोन ट्रान्झिस्टरच्या शेजारी टेकवून ठेवते. आईंना आवाज त्याच जागेतून यायला हवा. सुरुवातीला शांतता, मग एकच मुलगा, वाद्याशिवाय, पहिलं कडवं एकटा गातो. आईंना याच्यात जीव आहे. कारण दादांनी सांगितलं होतं: कोण गाणार हे आधी कळवत नाहीत. काही मुलं तयारीत असतात आणि अगदी त्या क्षणी संचालक एकाकडे बोट दाखवतो, म्हणजे आदल्या रात्री कोणाची झोप उडायला नको. आई दर वर्षी त्या पोरासाठी आधी एक 'नमो मरिये' म्हणतात. गाणं सुरू झालं की हात घट्ट धरतात आणि कडवं संपलं की विचारतात, "नाही ना घाबरला?"

"नाही आई. सुरेख गायला."

शब्दांतलं त्यांना फारसं कळत नाही. मी वाचनांच्या वेळी हळू सांगत राहते: आता आदाम, आता अब्राहाम, आता यशया, आता गब्रिएल दूत मरियेकडे. लॅटिन मिस्साबद्दल तक्रार करणारी बाई इंग्रजी उपासना इतक्या मनाने कशी ऐकते, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "ती आम्हाला कोणी समजावत नव्हतं. ही तुझे दादा समजावायचे. आता तू."

दहाला संपलं. मग आम्ही मराठीत रोझरी म्हटली. साडेअकराला रोममध्ये पोपनी पवित्र द्वार उघडलं, जयंती वर्ष सुरू झालं. ते फोनवर पाहून त्यांना सांगितलं: पोप चाकाच्या खुर्चीत आहेत, दार उघडलं, आत गेले. "चाकाच्या खुर्चीत?" आई म्हणाल्या. "म्हणजे माझ्यासारखेच."

रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाच्या नियमाने पूर्वीसारखा मैदानातला आवाज आता वाड्यांवरून येत नाही. नियम योग्यच आहे, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना झोप हवी. घंटा मात्र येते. ग्लोरियाला घंटा वाजल्या तशा आईंनी क्रूसाची खूण केली, मी गव्हाणीत बाळ ठेवलं आणि त्यांचा हात नेऊन त्याला लावला.

बुधवार, २५ डिसेंबर

पहाटे तीनला झोपून सहाला उठलो. सकाळी फादर आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघरी आले. आईंनी नवं लुगडं नेसलं होतं. फादरांनी प्रकृती विचारली, तर त्यांनी फादरांना त्यांचं रात्रीचं प्रवचन विचारलं.

फुगे आज नेहमीपेक्षा हलके झाले. मैदा, अंडी, नारळाचा रस, रात्रभर आंबलेलं पीठ. हात ओला करून मुठीत घ्यायचं, अंगठ्यापाशी बुडबुडा वर आला की तोडून तेलात. मटणाबरोबर किती खाल्ले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ताटं वाटायला जोएल आणि त्याची आई गेली. वझेवहिनींचा डबा वेगळा, वर चिठ्ठी.

कॅनडाच्या घरात बाहेर बर्फ. धाकट्याने तिथेही दोदोल करून पाहिला, डब्यातल्या नारळाच्या दुधाचा. घट्ट झाला नाही म्हणे. आईंनी फोनवर पाऊण तास कृती सांगितली. तो लिहून घेत होता, ते मला पडद्यावर दिसत होतं.

शुक्रवार, २७ डिसेंबर

काल रात्री मनमोहन सिंग गेले. सात दिवसांचा दुखवटा. आज रेडिओचा सूर खाली आहे. आई म्हणाल्या, "मोठ्याने न बोलता राज्य करणारा माणूस." दुपारी आळीतल्या चार बायका नाताळची भेट म्हणून आल्या आणि याच विषयावर बोलत राहिल्या. कोणाच्या पोराला त्या काळात नोकरी लागली, कोणाचं कर्ज माफ झालं. मी दोदोलच्या वड्या फिरवत होते. सण आणि दुखवटा एका घरात बसले होते. आमच्याकडे ते नवीन नाही. २८ तारखेला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा दिवस येतो, नाताळ अजून संपलेला नसतो.

रविवार, ५ जानेवारी २०२५

तीन राजांचा सण. सकाळी गोठ्यातले राजे आणि उंट सरकत सरकत गव्हाणीपाशी पोचवले. जोएलची सुट्टी संपली. हिरवळ पिवळी पडली आहे, उद्या वाडीत टाकायची.

काल रात्री पोराने एक मागितलं: झोपताना पणजीचा रेडिओ. आईंनी दिला! मी थक्क झाले. मग ती दोघं खिडकीपाशी, दिवा बंद. ह्यांनी त्याला सांगितलं होतं की दिवसा आकाशातला एक थर मध्यमलहरी गिळतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवरून परत येतात. जोएल काटा केसभर केसभर सरकवत होता आणि आई भाषा ओळखत होत्या. "ही गुजराती. ही कन्नड, आमच्याकडे कन्नड सिस्टर होती. ही कुठली? पुढे जाऊ नको, पुन्हा आण." दहाच्या 'छायागीता'ला मी दोघांना झोपायला लावायला गेले, तर आईच म्हणाल्या, "थोडं थांब गं."

म्हणून आज आकाशवाणीला पत्र लिहिलं. मध्यमलहरींची जुनी प्रक्षेपण केंद्रं ठिकठिकाणी बंद होत आहेत, सगळं एफएमवर आणि फोनवर नेतात. खर्चाची गणितं असतील, ती मला नाकारायची नाहीत. पण पत्रात लिहिलं आहे की मालाडचं प्रक्षेपण चालू ठेवा. वसईच्या एका खिडकीत चौऱ्याऐंशी वर्षांची एक आंधळी बाई तुमचं प्रत्येक बातमीपत्र ऐकते, शेती कार्यक्रमातल्या चुका काढते, तुमच्या निवेदिकांना आवाजावरून ओळखते आणि कोणी सर्दीने बेजार असेल तर तिच्यासाठी प्रार्थना करते. तिला पडदा नको, ॲप नको. दोन खुंट्या हव्यात आणि त्यांच्या पलीकडे स्वच्छ मराठी बोलणारं माणूस हवं. पुढच्या नाताळात मराठी ख्रिस्ती गीतांचा एक तास करा, ना. वा. टिळकांपासून आजपर्यंत, आमच्या धर्मग्रामातला गायनवृंद यायला तयार आहे. (वृंदाला अजून विचारलेलं नाही. उद्या विचारते, नाही म्हणणार नाहीत.)

आईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक, 'आंधळी' लिही, तेच बरोबर आहे, पण 'म्हातारी' कुठे लिहिलं असशील तर काढ. दुसरी, पहाटेची भक्तिगीतं पाच मिनिटं लवकर सुरू करा, त्या तेव्हा जाग्याच असतात. दुसरी ताज्या कलमात घातली. ह्यांना उद्या निर्मळला जायचं आहे, पोस्टात तेच टाकतील. येताना ट्रान्झिस्टरचे सेलही आणायचे आहेत, मोठे, चार.